चार लाल नोंदी लावून घरी पाठवलं? डिस्चार्जचा हुकूम कसा आव्हानायचा

खताच्या रिकाम्या पिशवीत कागद गुंडाळून तो ओट्यावर येऊन बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "साहेब, माझी चूक नव्हती." शिरोळ तालुक्यातला पोरगा. फौजेत तेरा वर्षं आणि काही महिने नोकरी, मग चार लाल नोंदींवरून, म्हणजे लाल शाईत नोंदलेल्या चार मोठ्या शिक्षांवरून, डिस्चार्ज. पेन्शनला पंधरा लागतात. मी म्हटलं, चूक कुणाची ते नंतर बघू, आधी तुझं कंडक्ट शीट, म्हणजे शिक्षांच्या नोंदींचं पान, दाखव. ते त्याच्याकडे नव्हतं. पिशवीत होतं डिस्चार्ज बुक, बँकेचं पासबुक, बायकोचं आधार कार्ड आणि आमदाराच्या लेटरहेडवरची चार शिफारसपत्रं.

मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. शो-कॉज नोटिशीची उत्तरं जवानांच्या वतीनं मीच टाइप करायचो. मजकूर ठरलेला: "घरगुती अडचणीमुळे उशीर झाला, पुन्हा असे होणार नाही, माफी असावी." जवान सही करायचा, मी फाइल पुढं सरकवायचो. त्या दीड ओळीची किंमत मला निवृत्तीनंतर कळली, लोकांचे निकाल वाचायला लागलो तेव्हा.

अमेरिकेत डिस्चार्जचा दर्जा वाढवून मागायला वेगळी मंडळं आहेत, ठरलेला फॉर्म आहे. आपल्याकडे तशी एक खिडकी नाही. इथं हुकूम रद्द करून घ्यावा लागतो, नाहीतर सौम्य करून घ्यावा लागतो. आणि ते "मी निर्दोष होतो" एवढ्यावर क्वचितच जमतं. "हुकूम काढताना जे बघायला हवं होतं ते बघितलंच नाही" हे कागदावर दाखवलं की जमतं. तुमच्या अडचणीची कहाणी खरी असेलही, पण ती त्या कागदाला जोडल्याशिवाय कुणी ऐकत नाही.

आधी बघा, नेमकं कसं काढलंय

गावाकडं सगळ्यालाच "काढून टाकला" म्हणतात. कायद्यात त्याचे प्रकार वेगळे आणि परिणामही वेगळे.

बडतर्फी, म्हणजे डिसमिसल. ही कोर्ट मार्शलच्या शिक्षेत येते किंवा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २० खाली प्रशासकीय हुकमानं. पेन्शनच्या १९६१ च्या नियमावलीत नियम ११३ (२००८ च्या नव्या नियमावलीत नियम ४१) सरळ सांगतो: बडतर्फ झालेल्याला आधीच्या नोकरीचं पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी मिळत नाही. अपवाद एवढाच की विशेष परिस्थितीत ते मंजूर होऊ शकतं.

डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्ती. कलम २२ आणि आर्मी रूल १३. त्याच नियम ११३ चा दुसरा भाग म्हणतो की डिस्चार्ज झालेला माणूस पेन्शनला पात्रच राहतो, फक्त नोकरीची वर्षं भरलेली हवीत. म्हणजे सोळा वर्षं नोकरी झालेल्याला बडतर्फीऐवजी डिस्चार्ज मिळाला, तर आयुष्यभराचं पेन्शन उभं राहतं. आपल्याकडं "दर्जा वाढवून घेणं" म्हणतात ते मुख्यतः हेच.

लाल नोंदींवरून घरी पाठवलेले बहुतेक जवान दुसऱ्या प्रकारातले. त्यांच्या कागदावर रूल १३ च्या तक्त्यातला ‘तीन-पाच’ हा खण लिहिलेला असतो, म्हणजे १३(३) खालची तिसरी बाब, पाचवा उपखंड. फौजेच्या भाषेत हा "अनडिझायरेबल सोल्जर", म्हणजे नकोसा जवान. हा हुकूम सीओ साहेब, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, काढू शकत नाहीत. तो ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा अधिकार आहे, आणि हुकमाआधी परिस्थिती परवानगी देत असेल तर जवानाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते.

तिसरा प्रकार फसवा: "स्वतःच्या विनंतीवरून". अनेकांना सांगितलं जातं की अर्ज लिहून दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील. मग कागदावर तो स्वेच्छेनं गेलेला ठरतो आणि लढायला काही उरत नाही. सही केली असेल तर ती कोणत्या परिस्थितीत केली, हे पुढं वेगळं सिद्ध करावं लागतं.

हे सगळं कुठं लिहिलेलं सापडेल? आर्मी ॲक्टच्या कलम २३ प्रमाणं डिस्चार्ज होताना सीओनं एक दाखला द्यायचा असतो. त्यात कुठल्या अधिकाऱ्यानं काढलं, कारण काय आणि एकूण नोकरी किती, या तीन गोष्टी. आणि तो दाखला इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यायचा, असं कायद्यात लिहिलंय. मराठीतला असा दाखला हातात घेऊन आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुम्हाला मिळाला नसेल तर आरटीआयच्या अर्जात पहिली मागणी तीच टाका.

नौदलात याच प्रकाराला "सर्व्हिसेस नो लॉंगर रिक्वायर्ड" म्हणतात, हवाई दलात एअर फोर्स रूल १५(२)(ग)(दोन) लागतो. पुढची वाट बरीचशी तीच. अग्निवीरांचा हिशोब मात्र निराळा, तिथं पेन्शनच नाही.

कागद गोळा करणं: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

वकिलाकडं जाण्याआधी हे करा. कागद नसताना वकील गाठला तर तोही आरटीआयच टाकणार, फक्त त्याची फी तुम्ही देणार.

तुमचं रेकॉर्ड युनिटमध्ये नसतं, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर), सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला.

अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून, रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं. तीस दिवस वाट बघायची. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "माझे सर्व कागद द्या" असं लिहिलंत तर शीट रोलची, म्हणजे नोकरीच्या मूळ नोंदीची, चार पानं हातावर ठेवतील. नाव घेऊन मागा. माझ्या अर्जात या ओळी असतात:

"माझ्या कंडक्ट शीटची, आय.ए.एफ.एफ. ३०१३ ची, प्रमाणित प्रत. प्रत्येक शिक्षेचा ऑफेन्स रिपोर्ट आणि त्या वेळी नोंदवलेले साक्षीदारांचे जबाब. डिस्चार्जपूर्वी झालेल्या प्राथमिक चौकशीचे संपूर्ण कागद. चौकशी झाली नसल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे. कारणे दाखवा नोटीस, ती मला पोचल्याची पोच आणि माझे उत्तर. सीओपासून ब्रिगेड कमांडरपर्यंत प्रत्येक अधिकाऱ्याची शिफारस. डिस्चार्जचा मूळ हुकूम. माझ्या डिस्चार्जच्या तारखेला लागू असलेले धोरणपत्र. पार्ट टू ऑर्डर. वैद्यकीय बोर्डाचे सर्व कागद."

मधलं "झाली नसल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे" हे वाक्य विसरू नका. "अशी चौकशी अभिलेखावर उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर त्याच्यावर आलं, तर तुमच्या पिशवीतल्या बाकी सगळ्या कागदांपेक्षा त्याचं वजन जास्त. फोनवर विचारलेलं कुठंच उपयोगी पडत नाही.

जुनं प्रकरण असेल तर घाई करा. पेन्शन नसलेल्यांचे कागद फौज कायम ठेवत नाही, ठरावीक काळानं नष्ट करते.

कंडक्ट शीट वाचायचं कसं

हे पान एकदा नीट डोळ्यांपुढं धरा. डावीकडं तारीख आणि ठिकाण, मग गुन्ह्याचं कलम, साक्षीदारांची नावं, शिक्षा, शिक्षा देणाऱ्याची सही. मोठ्या शिक्षा लाल शाईत, किरकोळ काळ्या शाईत. झेरॉक्सवर दोन्ही काळ्याच दिसतात, म्हणून कुठली लाल हे शिक्षेवरून ओळखावं लागतं. शंका असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी विचारून घ्या. नोटिशीत "चार लाल" म्हणून मोजलेल्यांतली एखादी काळीच होती, असंही निघतं.

बहुतेकांच्या पानावर कलम ३९ असतं: रजा संपून वेळेवर न परतणं किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहणं. त्यामागोमाग कलम ४८, दारूच्या नशेत सापडणं. कधी कलम ६३, शिस्तीला बाधा. शिक्षा कलम ८० खाली सीओनं दिलेली, ज्यात जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांची कैद किंवा डिटेन्शन देता येतं.

प्रत्येक नोंदीपुढं पेन्सिलनं तीन गोष्टी लिहा. किती दिवसांची गैरहजेरी. तेव्हा तुम्ही कुठं तैनात होता. आणि त्या वेळी घरी काय चाललं होतं. आर्मी रूल २२ प्रमाणं सीओसमोर मार्च-अप झाल्यावर, म्हणजे हजर केल्यावर, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचा आणि स्वतःचे साक्षीदार आणायचा हक्क असतो. ऑफेन्स रिपोर्टवर त्याचा मागमूस नसेल तर तेही टिपून ठेवा. पण त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. दहा वर्षांपूर्वी मुकाट्यानं भोगलेली शिक्षा आता एकेक करून उलटवणं अवघड असतं. उलटवायचा असतो तो शेवटचा हुकूम.

आणि इथं मुख्य गोष्ट येते. "चार लाल झाल्या की घरी" हे लंगरात, बॅरकमध्ये, सगळीकडं कायद्यासारखं बोललं जातं. तो कायदा नाही. सेना मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र याच विषयावर आहे आणि त्यात साफ लिहिलंय की चार लाल नोंदींवरून डिस्चार्ज करणं बंधनकारक नाही. सीओनं प्रत्येक नोंदीमागचा गुन्हा कसला होता ते बघावं, पेन्शनजवळ आलेल्या माणसाशी कठोरपणा करू नये, त्याची लांब नोकरी, अवघड ठिकाणच्या पोस्टिंगा आणि तिथली राहणी ध्यानात घ्यावी, आणि सेवेच्या हितासाठी अगदीच गरज असेल तरच डिस्चार्ज करावा. त्याआधी निःपक्षपाती चौकशी व्हावी. ती कोर्ट ऑफ इन्क्वायरीच असली पाहिजे असं नाही, पण जवानाला आपली बाजू आणि पुरावा मांडायची पुरेशी संधी हवी.

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्यात याच पत्राचा आधार घेतला. चौकशी न करता, केवळ चार नोंदी मोजून काढलेला डिस्चार्ज रद्द केला. दुबे यांना पेन्शनची वर्षं भरेपर्यंत नोकरीत होते असं धरण्यात आलं. मधल्या काळाचा पगार मात्र दिला नाही. पुढच्या वर्षी विजय शंकर मिश्रा यांच्या खटल्यातही हीच वाट धरली गेली.

इथंच थांबून "आपण जिंकलो" असं समजू नका. वकील हा पुढचा निकाल कधी कधी सांगत नाहीत. २०१९ साली सतगुर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिस्चार्ज कायम ठेवला. न्यायालय म्हणालं, नोटीस दिली होती, उत्तर द्यायची संधी होती, आणि उत्तरात वारंवारच्या गैरहजेरीचं कुठलंही समाधानकारक कारण दिलेलं नाही, मोघम घरच्या परिस्थितीचा उल्लेख आहे. मग आणखी चौकशी कशाची करायची होती? तो परिच्छेद वाचताना माझ्या टाइपरायटरवरची दीड ओळ मला आठवली.

म्हणून तुमचं प्रकरण दुबेंसारखं आहे की सतगुर सिंगांसारखं, हे आधी स्वतःला विचारा. नोटीस मिळाली होती का? उत्तरात काय लिहिलं? कारण सांगितलं असेल तर ते कुणी तपासलं का? वरच्या अधिकाऱ्यांच्या शिफारशीत पोस्टिंगांचा, नोकरीच्या वर्षांचा एक शब्द तरी आहे का? आणि तुमचा डिस्चार्ज अलीकडचा असेल तर त्या तारखेला कुठलं धोरणपत्र लागू होतं ते मागवून घ्या.

कहाणीला पुरावा जोडणं

त्या शिरोळच्या पोराची चौथी लाल नोंद ऑगस्ट २०१९ ची निघाली. रजेवरून परतायला उशीर. मी विचारलं, "पूर होता ना तेव्हा?" तो म्हणाला, "होय की. घरात छातीभर पाणी. हायवे बंद." त्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला कित्येक दिवस बंद होता, हे अख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं. आणि याच्या नोटिशीच्या उत्तरात काय? "घरगुती अडचण."

"हे लिहिलं का नाहीस?"

"क्लार्कनं सांगितलं, लांबड लावू नको, साहेब चिडतात."

मग आम्ही बसून एकेक नोंदीला कागद जोडला. पुराला तलाठ्यानं केलेला नुकसानीचा पंचनामा आणि सानुग्रह अनुदान जमा झालेलं पासबुकाचं पान. दुसऱ्या नोंदीला बायकोच्या बाळंतपणाचं सरकारी दवाखान्यातलं डिस्चार्ज कार्ड. एका नोंदीला काहीच सापडलं नाही. ती आम्ही तशीच ठेवली आणि अर्जात स्पष्ट लिहिलं की त्या वेळी चूक झाली होती आणि शिक्षा भोगली. सगळ्याच नोंदींना निमित्त सांगणाऱ्या अर्जावर मीही सीओच्या ऑफिसात बसून विश्वास ठेवत नव्हतो.

चालतील असे कागद म्हणजे त्या वेळचे, त्रयस्थानं केलेले: मृत्यूचा दाखला, दवाखान्याची फाइल, पोलिसांतली नोंद, रजा वाढवून मागितलेल्या पत्राची रजिस्टर पोच, कंपनी हवालदार मेजरला केलेल्या व्हॉट्सॲप मेसेजचा स्क्रीनशॉट. सरपंचानं आता, दहा वर्षांनी दिलेला "चारित्र्य उत्तम" दाखला फायलीत ठेवा, त्यावर विसंबू नका. आमदाराची पत्रं मी वेगळी काढून परत दिली.

एक गोष्ट सांगायला जवान लाजतात, म्हणून मुद्दाम लिहितो. फौजेतल्या वैद्यकीय वर्गवारीत, ज्याला शेप म्हणतात, पहिलं अक्षर मानसिक आरोग्याचं. त्यात तुम्हाला कधी खालची कॅटेगरी दिली होती का? मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात राहिलात का? काउंटर-इन्सर्जन्सीच्या (बंडखोरीविरोधी मोहिमेच्या) किंवा उंचावरच्या पोस्टिंगनंतर दारू सुरू झाली, मग गैरहजेरी, मग लाल नोंदी, असा क्रम अनेकांच्या कागदांवर दिसतो. आजाराची तारीख नोंदींच्या आधीची असेल, तर शिस्तीपेक्षा वैद्यकीय बोर्डाकडं पाठवायला हवं होतं, हा मुद्दा भक्कम होतो. कदाचित अपंगत्व पेन्शनचाही रस्ता उघडतो. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत झाला, तर तो नोकरीमुळं झाला नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारवर येते.

निवेदन: पहिलं दार

फौजेच्या माणसांची प्रकरणं ऐकणारं सशस्त्र सेना न्यायाधिकरण आपल्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणं, आधी खात्याकडं दाद मागितली का हे विचारतं. म्हणून निवेदन आधी. लष्करप्रमुखांच्या नावानं, ज्या ब्रिगेडनं हुकूम काढला तिच्यामार्फत, प्रत रेकॉर्ड ऑफिसला. स्पीड पोस्टनं, पोच जपून. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. पण पहिला मसुदा मराठीत लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या इंग्रजीत तुमची गोष्ट पुन्हा "घरगुती अडचण" होऊन बसते.

दोन पानांपलीकडं जाऊ नका. सुरुवात नंबर, हुद्दा, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, एकूण नोकरी यांनी. मग सरळ मुद्दा, साधारण असा:

"मला अमुक तारखेच्या हुकमाने रूल १३ खाली सेवामुक्त करण्यात आले. हुकमापूर्वी निःपक्षपाती चौकशी झाली नाही (आरटीआय उत्तर, परिशिष्ट ३). माझ्या १३ वर्षांच्या सेवेपैकी ५ वर्षे फील्ड क्षेत्रात झाली (पोस्टिंगची यादी, परिशिष्ट ४). शिफारशींमध्ये तिचा विचार झालेला दिसत नाही. चौथी नोंद महापुराच्या काळातील आहे (पंचनामा, परिशिष्ट ५)."

प्रत्येक वाक्याला परिशिष्टाचा आकडा. ज्या वाक्याला आकडा देता येत नाही ते बहुधा काढून टाकण्याजोगं असतं. शेवटी मागणी: हुकूम रद्द करून पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत सेवेत धरावं. पंधरा वर्षांना एक वर्षाच्या आत कमतरता असेल तर ती माफ करावी ही मागणी वेगळ्या परिच्छेदात घाला. २००१ पासून बारा महिन्यांपर्यंतची कमतरता माफ करायची तरतूद आहे.

"माझी लहान मुलं आहेत, उपाशी मरतील" हे लिहायचं नाही असं नाही. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, दोन ओळी.

न्यायाधिकरण: खरी लढाई

सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००७ च्या कायद्यानं झालं आणि २००९ पासून सुरू आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबई खंडपीठ. हुकूम जम्मूत निघाला असला तरी जम्मूला जायची गरज नाही. सेवेतून बाहेर पडलेला माणूस सध्या राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो. बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं, कर्नाटक कोची खंडपीठाकडं येतं.

मुदतीचं गणित चुकवू नका. निवेदनावर अंतिम नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिने. उत्तरच आलं नाही तर निवेदन दिल्यापासून सहा महिने थांबून मग अर्ज. उशीर झाला असेल तर न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम २२ खाली उशीर माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो आणि त्यात तारीखवार सांगावं लागतं की मधे काय केलं. "कायदा माहीत नव्हता" हे कारण कुणालाच पटत नाही. आजारपण, आरटीआयचा पत्रव्यवहार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या फेऱ्या यांच्या तारखा चालतात.

इथं एक बारकावा आहे. पेन्शन दर महिन्याला नाकारलं जातं, त्यामुळं पेन्शनचा दावा उशिरानंही ऐकला जातो; २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणं थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच. डिस्चार्जचा हुकूम एकदाच निघतो. म्हणून वीस वर्षांपूर्वीचा हुकूम रद्द करा म्हणून गेलात तर दारातच अडाल. पण पंधरा वर्षं भरलेली असून पेन्शनच दिलं नाही, असं असेल तर रस्ता मोकळा आहे.

अर्जात मागण्या पायऱ्या पायऱ्यांनी लिहा. आधी हुकूम रद्द. मग पेन्शनची वर्षं पूर्ण झाली असं धरणं. ते नाही तर कमतरता माफी. आजाराचा मुद्दा असेल तर पुनर्विलोकन वैद्यकीय बोर्ड. पुन्हा नोकरीत घ्या आणि सगळा मागचा पगार द्या, ही मागणी घाला, पण घरी त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका. दुबेंनाही तो पगार मिळाला नव्हता.

स्वतः उभं राहायची मुभा आहे. तरी मी वकील घ्यायला सांगतो, आणि लष्करी कायद्याचं काम नेहमी करणारा. जमिनीचे दावे चालवणारा तालुक्याचा वकील रूल १३ पहिल्यांदा तुमच्याच फायलीत वाचणार. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. सैनिक कुटुंबांसाठी राष्ट्रीय प्राधिकरणानं २०२५ साली वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय. तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. आणि "थकबाकीचे निम्मे द्या, पेन्शन काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला मूळ डिस्चार्ज बुक देऊ नका. एकानं दिलं होतं, ते परत मिळवायला आम्हाला पोलीस स्टेशन गाठावं लागलं.

कोर्ट मार्शलनं बडतर्फ झालेल्यांसाठी

समरी कोर्ट मार्शल म्हणजे सीओ एकटाच कोर्ट. शिक्षेत बडतर्फीही येते. २०१६ च्या विश्व प्रिय सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीची गरज असेल तरच. तुमच्या प्रकरणात गुन्हा आणि खटला यांत महिनोन्‌महिने गेले असतील तर ती तातडी कसली, हा प्रश्न विचारता येतो.

आधी आर्मी ॲक्टच्या कलम १६४(२) खाली याचिका. मग न्यायाधिकरणाकडं त्याच्या कायद्याच्या कलम १५ खाली अपील, आणि त्यात न्यायाधिकरणाला शिक्षा जादा किंवा अन्यायकारक वाटली तर ती कमी करायचा किंवा हलक्या शिक्षेत बदलायचा अधिकार आहे. पंधरा वर्षांपुढं नोकरी झालेल्या माणसानं निर्दोष सुटकेबरोबर ही दुय्यम मागणीही केलीच पाहिजे: बडतर्फीची शिक्षा हलकी करून डिस्चार्ज धरावा. शिवाय पेन्शनच्या नियम ११३ मधल्या अपवादाखाली अर्ज वेगळा करता येतो. त्यात वाद घालायचा नसतो, पदकं, जखमा, फील्डची वर्षं आणि घरची अवस्था एवढंच मांडायचं. इथं मात्र मुलाबाळांबद्दल मोकळेपणानं लिहा.

निकालानंतर

विरुद्ध गेला तर २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येतं. थेट दिल्ली गाठायचीच असं नाही.

बाजूनं लागला तर पेढे वाटण्याआधी निकालाची प्रमाणित प्रत घ्या. एक रेकॉर्ड ऑफिसला, एक ब्रिगेडला, दोन्ही स्पीड पोस्टनं, सोबत बँक पासबुकाची पहिली पानं, जॉइंट फोटो, आधार आणि पॅनच्या प्रती. निकालात मुदत दिलेली असते. ती डायरीत लिहा, आणि उलटली तर दुसऱ्याच आठवड्यात त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज टाका. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाइन प्रणालीतून येतं, त्यासाठी पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, निघावा लागतो. पीपीओवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळतात का ते लगेच बघा. फौजेत भरती होताना गावच्या मास्तरानं लिहिलेली तारीख आणि आधारवरची तारीख वेगळी निघाली, की जिंकलेलं पेन्शनही वर्षभर अडकतं. शिरोळच्या पोराचं नावही दोन ठिकाणी दोन प्रकारे आहे, एकीकडं ‘दादासो’, दुसरीकडं ‘दादासाहेब’. त्याचं प्रतिज्ञापत्र आम्ही निकालाची वाट न बघता आत्ताच करून ठेवलंय.